आंधळी बाटली

आंधळीने वायू सोडला. एरवी हे वाक्य मी मोठ्याने म्हटलं असतं तर सुगरण हसून हसून टेबलावर आडवी झाली असती, आणि पुढे आठवडाभर येता-जाता मला तेच ऐकवत बसली असती. पण मी नुसती वायू मोजायच्या यंत्राच्या स्क्रीनकडे बघत राहिले. हिरवी रेघ नेहमीसारखी सरळ चालली होती, आणि जिथे तिने काही म्हणजे काही करायचं नव्हतं तिथे तिने डोकं वर काढलं, छोटासा उंचवटा केला आणि पुन्हा साळसूदपणे सरळ झाली. हायड्रोजन. त्या जागी दुसरं काही येतच नाही. आमच्याकडे दर वेळी दोन बाटल्या असतात, दोन्हींत अगदी तेच. लालसर पाणी, त्या पाण्यात प्लास्टिकच्या जातीचे, पण इतके बारीक कण, की महिनाभर ठेवले तरी तळाला बसत नाहीत, थोडं व्हिटॅमिन सी, आणि अगदी शेवटी सुईने सोडलेलं किंचित प्लॅटिनम. उजेड पडला की कण इलेक्ट्रॉन सोडतात, प्लॅटिनम ते गोळा करतं आणि पाण्यातून हायड्रोजन बाहेर काढतं, आणि व्हिटॅमिन सी बिचारं कणांची तूट भरून देता देता स्वतः संपत जातं. उन्हातून इंधन, असं आमचे सर पाहुण्यांना सांगतात. तर एक बाटली दिव्यासमोर ठेवायची आणि दुसरी चंदेरी फॉइलमध्ये गच्च गुंडाळून तिच्या शेजारी. ती आंधळी. तिला उजेड नाही, म्हणून तिने काही करायचं नाही, तेवढंच तिचं काम. आंधळी गप्प बसली तरच डोळस बाटलीचं खरं मानायचं. आंधळी बोलायला लागली, तर आमचा एकही आकडा कुणी दारात उभा करणार नाही.

आंधळी हे नाव सुगरणने ठेवलेलं. सुगरण म्हणजे कण बनवणारी. घरी तिच्या हातून नुसतं पाणी ठेवलं तरी करपतं, हे ती स्वतःच कौतुकाने सांगते. पण इथे काचेच्या चंबूत पॉलिमर शिजवायला घेतला की तिच्यासारखा हात कुणाचा नाही. ती करते आणि मी मोजते, कितीतरी वर्षं असंच चाललंय. ती बाटल्या भरते, आतली हवा काढते, झाकणं दाबते आणि माझ्या हातात देते, दूधवाल्याने दारात पिशवी द्यावी इतक्या सहज. मला ती हवालदार म्हणते. कारण मी लावलेलं कुलूप ओढून बघते, जिन्यातून परत वर जाऊन शेगडी बघते, कुणी ‘निघालोय’ म्हणालं की मागून पंख्याचा आवाज येतोय का ते ऐकते. ‘काय हवालदार, आज कुणाला आत टाकायचं?’ असं म्हणत ती सकाळी आत येते. मला ते आवडायचं. खोटं कशाला बोलू, मला ते फारच आवडायचं. कारण दुसरं कुणी माझ्या या स्वभावाला हसत नाही, वैतागतं. आणि आता त्या हिरव्या उंचवट्याकडे बघताना माझ्या मनात पहिला विचार आला तो यंत्राचा नाही, सुईचा नाही, फॉइलला भोक पडलंय का याचा नाही. पहिला विचार आला: हिने काहीतरी घातलंय.

असा विचार आपण करत नाही, तो झालेलाच असतो. मग आपण त्याला बसायला जागा देतो. जागा तर भरपूर होती. सुगरणचं कंत्राट संपत आलं होतं, आणि ते वाढवायचं की नाही हे सर पाहुण्यांच्या भेटीनंतर ठरवणार होते. पाहुणे म्हणजे आमचा विभाग चालू ठेवायचा की नाही ते ठरवणारी माणसं. तिची मुलगी शाळेत, नवरा असून नसल्यासारखा, घर हिच्या एकटीच्या जिवावर. आकडा मोठा आला तर हिची नोकरी टिकणार. आणि वायू वाढवणं मुळीच कठीण नाही. आमच्याच फडताळात एक पांढरी पूड आहे, चिमूटभर टाकली की प्लॅटिनमच्या जोडीने ती अंधारातही हायड्रोजन देते. दिव्यासमोरच्या बाटलीत टाकताना दोन्हींत पडली असेल, गडबड आहेच तिच्या अंगात. मी उठून फडताळ उघडलं. पुडीची बाटली होती तिथेच होती, पण कमी वाटली. आधी किती होती हे मला तरी कुठे माहीत होतं! तरी कमी वाटली. मग बाकीचं सगळं आपोआप येऊन बसायला लागलं. ही हल्ली माझ्याआधी येते. मी दारात दिसले की खण पटकन ढकलते. फोन आला की बोळात जाते. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे त्याच दिवशी सकाळी, मी खिडकीतल्या ट्रेमधून बाटल्या उचलत असताना, ती मान वाकडी करून म्हणाली होती, ‘आज रंग जरा निळसर वाटतोय का गं?’ मी म्हटलं होतं, ‘तुझ्या डोळ्यांत निळं आलंय.’ तेव्हा हसलो होतो. आता वाटलं, वा गं शहाणे, आपणच आधी बोलून ठेवलंस, म्हणजे उद्या कुणी बोट दाखवायला नको.

माझे बाबा संध्याकाळी घरी आले की बूट काढायच्या आधी टीव्हीपाशी जायचे. त्यांचं ते नेहमीचं होतं. पिशवी खांद्यालाच, चेहरा सबंध दिवसाच्या धुळीचा, आणि उजवा तळहात टीव्हीच्या पाठीवर. तेव्हाचे टीव्ही मोठे, पोट सुटलेले, तासभर चालले की पाठ तापायची आणि बंद केल्यावरही बराच वेळ गरम राहायची. परीक्षेच्या दिवसांत आम्हाला टीव्ही बंद होता, आणि बाबांना तोंडी उत्तरांवर भरवसा नव्हता. तळहात ठेवायचे, डोळे किंचित मिटायचे, डॉक्टर नाडी बघतो तसे. गार लागला तर काही न बोलता बूट काढायचे. मला त्या हाताची भीती वाटायची आणि कौतुकही वाटायचं. वाटायचं, याला फसवता येत नाही. दादा माझ्यापेक्षा मोठा, त्यामुळे टीव्ही गरम लागला की तो दादानेच लावला हे ठरलेलं. एकदा तो शपथा घेऊन सांगत होता, मी हातसुद्धा लावला नाही म्हणून. बाबा म्हणाले, ‘मग हा काय आपोआप तापला?’ आणि पाठीवर ठेवलेला तोच हात उचलला. आता इतक्या वर्षांनी मला ती थप्पड आठवत नाही. आठवतं ते दादाचं तोंड. त्याला लागलं नव्हतं, तो चकित झाला होता. मी खिडकीतून खालचा रस्ता बघत बसले होते, आणि माझ्या मांडीवर ऊन होतं.

पण हे सगळं मला त्या दिवशी आठवलं नाही. त्या दिवशी मी नुसती पाळतीवर बसले. दुसऱ्या दिवशी स्वच्छ ऊन, सुगरणने बाटल्या भरल्या, मी नेहमीप्रमाणे ट्रे खिडकीत ठेवला. पाहुण्यांना नीट दिसावं म्हणून सरांनी यंत्र नुकतंच खिडकीशेजारी हलवलं होतं, आणि ते रोज सुरू करून स्थिर होईपर्यंत ट्रे हाताशी ठेवायला दुसरी जागाच उरली नव्हती. यंत्र स्थिर झालं, मी सुईने प्लॅटिनम सोडलं, एक बाटली गुंडाळली, दिवा लावला. आंधळी पुन्हा बोलली. ‘काय गं, आकडे बरे आहेत ना?’ सुगरणने माझ्या खांद्यावरून वाकून विचारलं. तिच्या केसांना साबणाचा वास होता. मी स्क्रीन दुसरीकडे वळवली आणि म्हटलं, ‘बघतेय.’ ‘बघ बाई, बघ. हवालदाराच्या हातून काही सुटायचं नाही.’ आणि ती गुणगुणत परत गेली. कुठेतरी पाणी मुरतंय हे माहीत असताना असं गुणगुणणं ऐकून घ्यायला लागतं तेव्हा अंगाचा कसा तिळपापड होतो! मला वाटलं, किती थंड डोक्याची बाई आहे ही. डब्यातली काकडी तिने नेहमीसारखी अर्धी माझ्यापुढे सरकवली. मी खाल्ली. ती गोड लागली, याचाही मला राग आला.

पुढच्या दिवशी मुलीच्या शाळेत काही होतं म्हणून ती आली नाही. म्हटलं, आज सोक्षमोक्ष. तिच्याच साठ्यातले कण घेतले आणि बाटल्या मी स्वतः भरल्या. हवा काढली, झाकणं दाबली, सगळं तिच्यासारखंच, फक्त तिच्याविना. बाहेर आभाळ इतकं गच्च होतं की भर दिवसा खोलीतले दिवे लावावे लागले. आणि आंधळी गप्प. रेघ अशी सरळ, जशी पट्टीने ओढलेली.  मला आनंदच झाला, आता कबूल करायला काय जातं. माझं खरं निघालं होतं. मैत्रीण खोटी निघाल्याचं दुःख त्याच्या मागून आलं, बरंच उशिरा, आणि तेही मला जरा मानापमानासारखंच वाटलं: मला फसवते? मला?

मी सरांच्या कानावर घातलं. सर म्हणजे सावकाश बोलणारे गृहस्थ, कुठल्याही गोष्टीवर ‘बघू या’ म्हणणारे. त्या दिवशी म्हणाले नाहीत. ‘तुम्ही तिला घालताना बघितलंत?’ त्यांनी विचारलं. ‘बघितलं नाही सर. पण ती असली की वायू येतो, ती नसली की येत नाही.’ किती नीटनेटकं वाक्य होतं ते. माझं मलाच पटलं. सर टेबलावरची टाचणी उचलून परत डबीत टाकत राहिले. ‘पाहुण्यांसमोर असं काही झालं तर आपण सगळेच घरी बसू,’ ते म्हणाले. ‘तूर्तास तिला घरी थांबू दे. कंत्राटाचं मग बघू या.’ ते ‘बघू या’ शेवटी आलंच, आणि त्याचा अर्थ काय ते आम्हा दोघांनाही माहीत होतं.

सुगरण खण रिकामा करायला आली तेव्हा मी तिथेच होते. पळून जायला हवं होतं, पण हवालदार जागा सोडत नाही. तिने खण बाहेर ओढून सरळ टेबलावर उपडा केला. कंगवा. डोकेदुखीच्या गोळ्या. मुलीने काढलेलं एक चित्र, त्यात मोठ्या चष्म्याची बाई आणि तिच्या हातात लाल बाटली. आणि बिस्किटांचा अर्धा पुडा, तोंडाला रबर लावलेला. प्रयोगशाळेत खायचं नाही यावरून मी तिला किती वेळा झापलंय त्याला गणती नाही. म्हणजे मी दिसले की खण ढकलायची ती यासाठी. माझ्या लक्षात आलं, आणि तरी मनात म्हटलं, बिस्किटांनी काय सिद्ध होतं. तिने पुडा पिशवीत टाकला. मग माझ्याकडे बघून म्हणाली, ‘तू मला विचारलं का नाहीस?’

‘काय विचारायचं?’

‘हेच. की तू काही घातलंस का म्हणून.’

‘तू नाहीच म्हणाली असतीस.’

‘हो. नाहीच म्हणाले असते.’ तिने कंगवा उचलला, त्यातला एक केस काढला, तो टाकायला जागा शोधत राहिली. ‘आणि ते तुला खरं वाटलं नसतं. बरोबर आहे तुझं.’ असं म्हणून ती गेली. ‘बरोबर आहे तुझं’ हे तिने इतक्या साध्या आवाजात म्हटलं की मी दिवसभर त्यात टोमणा शोधत बसले. सापडला नाही.

घरी मी आणि आई. रोज जेवणाआधी मी आईच्या गोळ्यांची पट्टी उलटी करून बघते, रिकामी खाच बोटाने चाचपते. त्या दिवशीही बघितली. आई म्हणाली, ‘घेतली गं बाई. तोंड उघडून दाखवू?’ मी म्हटलं, ‘तू मागे एकदा विसरली होतीस.’ ‘मागे एकदा,’ आई म्हणाली. मग ताटाकडे बघत, चिडून वगैरे नाही, नुसतंच म्हणाली, ‘हात अगदी त्यांचा घेतलायस.’ मी विषय बदलायला विचारलं, दादाचा फोन आला होता का. आला होता. दादा खूप लांब राहतो आणि नेमाने आईला फोन करतो. बाबा होते तेव्हाही आईलाच करायचा. बाबा समोर बसलेले असायचे, आणि आई बोलणं संपल्यावर त्यांना सांगायची, मजेत आहे म्हणे. बाबा मान हलवायचे. एकदा ते म्हणाले होते, ‘मला का देत नाहीस कधी?’

पाहुणे यायच्या आधी एकदा सगळं घासूनपुसून चालवून बघायचं होतं. स्वच्छ, कडक ऊन होतं. मी खोलीत एकटी. बाटल्यांच्या दोन जोड्या मी भरल्या, हवा मी काढली, झाकणं मी दाबली, ट्रे खिडकीत मी ठेवला. यंत्र स्थिर झालं. प्लॅटिनम सोडलं, गुंडाळलं, दिवा लावला, आणि थोड्या वेळाने आंधळीतला वायू सुईत ओढून यंत्राला दिला. रेघ चालत आली आणि तिने डोकं वर काढलं. पहिल्यापेक्षा उंच.

मी मागे वळून बघितलं. खरंच बघितलं, दाराकडे. कुणी नव्हतं. मग म्हटलं, ती जाताना साठ्यातच काही कालवून गेली असेल. पण साठा कुलपात होता आणि किल्ली माझ्या गळ्यात. मग म्हटलं, सुई घाण असेल. सुई नवी होती. एक क्षण असाही आला, सांगायला लाज वाटते, की मी माझ्याच हातांकडे बघून विचारलं, काय गं, तूच घातलंस का? संशयाला माणूस लागतो हो. खोलीत कुणी नसलं तर तो आपल्याच अंगावर येऊन बसतो. पुन्हा करू म्हणून मी दुसऱ्या जोडीतली बाटली खिडकीतून उचलली. त्यातलं पाणी लाल नव्हतं. सांजेच्या आभाळासारखं निळसर झालं होतं, सुगरण म्हणाली होती तसं, अगदी तसंच. आणि बाटली गरम होती. काच उन्हाने अशी तापली होती की मी ती या हातातून त्या हातात घेतली, आणि मग तळहातातच धरून उभी राहिले, डोळे मिटून.

ऊन. आमच्या लेखी उजेड म्हणजे दिवा. तो महागाचा, पंख्याचा, काळ्या चष्म्यातून बघायचा दिवा; तो लावला की उजेड सुरू आणि घालवला की संपला. खिडकीतलं ऊन म्हणजे नुसतं हवामान. उन्हातून इंधन काढायला बसलेली आम्ही शहाणी माणसं, आणि बाटली उन्हात ठेवून तिला आंधळी म्हणत होतो! पूर्वी ट्रे यंत्राच्या जुन्या जागेखालच्या बंद कपाटात असायचा. आता खिडकीत. कणांनी तेवढ्या वेळात ऊन पिऊन घेतलं होतं, इलेक्ट्रॉन साठवून निळे झाले होते, आणि पुढे न्यायला कुणी नाही म्हणून ते घेऊन गप्प बसले होते. मी प्लॅटिनम घातलं, मग गुंडाळलं. आत अंधार झाल्यावर त्यांनी साठवलेलं सगळं देऊन टाकलं. ती नव्हती त्या दिवशी वायू आला नाही, कारण त्या दिवशी ऊन नव्हतं. मी एक जोडी कपाटात ठेवून पुन्हा सगळं केलं. रेघ सरळ. एक खिडकीत ठेवून केलं. उंचवटा. दादाही तेव्हा हेच म्हणाला होता. आता शब्द न् शब्द आठवला: ‘बाबा, दुपारी त्याच्यावर ऊन येतं.’ आणि माझ्या मांडीवर ऊन होतं, त्याच खिडकीतलं.

सरांना दाखवलं तेव्हा त्यांनी खुर्ची पुढे ओढली. त्यांचे डोळे इतके चमकताना मी कधी बघितले नव्हते. ‘म्हणजे हे कण उजेड साठवून ठेवतात? दिवसा साठवायचा, अंधारात वायू काढायचा? अहो, ही तर चूक नाही, हे तर...’ आणि लगेच म्हणाले, ‘बोलवा तिला. आजच बोलवा. आणि त्या खिडकीला एक जाड पडदा लावून घ्या.’ सुगरणबद्दल तेवढंच. पडदा. मी घरी जाऊन आईला विचारलं, आपल्या बाहेरच्या खोलीला तो खाकी पडदा कधी आला गं? आई म्हणाली, ‘मी शिवला होता. तुझे बाबा कापड घेऊन आले एक दिवस, म्हणाले जाड शिव, ऊन येतं टीव्हीवर. का ते काही सांगितलं नाही.’ ‘आणि दादाला?’ ‘त्याला काय?’ ‘त्याला काही म्हणाले का?’ ‘पडदा लावला की,’ ती म्हणाली.

म्हणून मी फोन केला नाही, सुगरणच्या घरी गेले. तिने दार उघडलं, आत घेतलं, पाणी दिलं. मुलगी आतल्या खोलीत मोठ्याने पाठ करत होती. मी सगळं सांगितलं, खिडकी, ऊन, निळा रंग. ती ऐकता ऐकता पुढे सरकली, ‘थांब, प्लॅटिनमच्या आधी? म्हणजे तोवर साठतच जातं?’ असं मध्येच विचारायला लागली आणि क्षणभर आम्ही पूर्वीसारख्या झालो. मग मी म्हटलं, ‘चुकलं माझं. तुझ्यावर आळ घेतला. मला माफ कर.’ बाबांच्या तोंडून जे कधी निघालं नाही ते मी बोलले, नीट, तिच्याकडे बघून. ते बोलल्यावर बरं वाटेल असं मला वाटलं होतं. ती पुन्हा मागे टेकून बसली. ‘अगं, असू दे,’ ती म्हणाली. ‘ऊन होतं म्हणून सुटले. नसतं तर?’ तिने माझा पेला उचलून आत नेला.

ती कामावर आली. कंत्राट वाढलं. पाहुणे खूश होऊन गेले, आणि जाताना सरांनी त्यांना सांगितलं की हे सगळं या दोघींचं. पडदा लागला आहे, खोली आता दुपारीही मिणमिणती असते. डबा आम्ही एकत्र खातो, काकडी अर्धी होते. काल सकाळी तिने बाटल्या भरून आणल्या आणि माझ्यापुढे ठेवल्या. हातात दिल्या नाहीत, ठेवल्या. प्रत्येक झाकणावरून पांढऱ्या चिकटपट्टीची एक पट्टी खाली काचेपर्यंत आली होती, आणि पट्टीवर, अर्धी झाकणावर अर्धी काचेवर, तिची सही. ‘हे काय?’ मी विचारलं. ‘सवय करतेय,’ ती म्हणाली. ‘तुलाही बरं आणि मलाही.’ तिच्या आवाजात राग नव्हता. मी पहिली बाटली उचलली. गार होती. म्हणणार होते, काढ गं ते, कशाला हे. शब्द तोंडापर्यंत आले होते. आणि तेवढ्यात माझा अंगठा त्या पट्टीच्या कडेवरून फिरला, वरपासून खालपर्यंत, कुठे उचकटली आहे का बघायला. मी फिरवला नाही, तो फिरला. सुगरण समोरच उभी होती.

‘नीट आहे ना?’ तिने विचारलं.

‘नीट आहे,’ मी म्हटलं.